दिग्दर्शनाला कोण?

आमच्या घाटकोपरच्या महिला मंडळात दर वर्षी एकांकिका बसते. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही बसत असेल. कुकर लावून, मुलांचा अभ्यास घेऊन आम्ही तालमीला धावतो. पण ‘दिग्दर्शनाला कोण?’ असं विचारलं की हमखास कुणाच्या तरी मिस्टरांचं नाव पुढे येतं. ‘आपल्याला नाही बाई जमायचं!’

अशा वेळी मला विजया मेहता आठवतात. बाईंनी अभिनय केलाच, पण १९६०मध्ये ‘रंगायन’च्या स्थापनेत पुढाकार घेतला, नाटकं बसवली. ऐन तरुणपणी पती गेले, पदरी दोन लहान मुलं. तरी रंगभूमी सुटली नाही. जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’ त्यांनी आधी रंगमंचावर आणलं, मग त्यावरच १९८५चा ‘रावसाहेब’ हा चित्रपट केला. दिग्दर्शन त्यांचं आणि त्यातली विधवा मावशीही त्याच! या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘पेस्तनजी’ही केला.

सगळ्यांनाच विजयाबाई होता येणार नाही, कबूल. पण दिग्दर्शन म्हणजे तरी काय? कुणी कुठं उभं राहायचं, कुणाला कधी बोलू द्यायचं, हे ठरवणं. लग्नघरात आपण तेच तर करतो! फक्त तिथं श्रेय कुणी देत नाही आणि इथं निर्णय आपण घेत नाही.

यंदा मी सांगून टाकलंय, एकांकिका मीच बसवणार. चुकली तर चुकली. निदान ती चूक आमची स्वतःची असेल!