ओढणाऱ्या कुत्र्याची बाजू

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत संध्याकाळी हे चित्र ठरलेलं आहे. पुढे धापा टाकणारा लॅब्रेडॉर आणि मागे दोन्ही हातांनी लीश धरून फरफटत जाणारा मालक. विचारलंत तर उत्तर पण ठरलेलं, "फार हट्टी आहे हो, ऐकतच नाही!" मग आजूबाजूचा कोणीतरी तज्ज्ञ सल्ला देतो, "चोक चेन घाला. बॉस कोण आहे ते कळलं पाहिजे त्याला."

माझं म्हणणं सरळ आहे. कुत्रा हट्टी वगैरे काही नाही. ओढायला त्याला आपणच शिकवलंय, आणि शिक्षा मात्र त्याच्या गळ्याला. हे मला मान्य नाही.

आता शिकवलं कसं? त्याच्या बाजूने बघा. त्याला त्या झाडापर्यंत जायचंय. त्याने ओढलं, तुम्ही मागोमाग गेलात, झाड आलं. उद्या परत ओढलं, परत झाड आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने फंक्शन कॉल केलं आणि हवं ते आउटपुट मिळालं. मग तो तेच परत कॉल करणार नाही तर काय करणार? एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना पेटीत ठेवून प्रयोग केले, त्यातून हेच दिसलं होतं: ज्या कृतीतून हवं ते मिळतं ती कृती टिकते. सव्वाशे वर्षं झाली, आपण अजून "हट्टी" म्हणतोय.

आता ते बॉस प्रकरण. या 'अल्फा' थिअरीचं मूळ रुडॉल्फ शेंकेलच्या १९४७ च्या अभ्यासात आहे. तो होता बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे हा शब्द सगळीकडे पोचला. पुढे याच मेक यांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. घरातल्या आईबापाला आपण अल्फा म्हणतो का? ज्याने थिअरी लोकप्रिय केली त्यानेच ती मागे घेतली, पण आमच्या सोसायटीपर्यंत ते अपडेट अजून आलेलं नाही. आणि लांडग्यांचं काहीही असो, तुमच्या कुत्र्याला गादी नकोय हो! त्याला खांबाचा वास घ्यायचाय.

"पण चोक चेनने आमच्याकडे फरक पडला" असं सांगणारे भेटतात. पडणारच. दुखलं की कोणीही थांबतं. पण काय करू नये एवढंच त्याला कळतं, काय करावं हे कोण सांगणार? शिवाय समोरून दुसरा कुत्रा आला की दरवेळी गळा आवळला जातो. मग दुसरा कुत्रा म्हणजे दुखणं, असं समीकरण त्याच्या डोक्यात बसू शकतं. पुढे तो भुंकायला लागला की त्याचंही खापर त्याच्यावरच. साधा पट्टासुद्धा निर्धोक नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर जोर पडला की कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो, छातीच्या हार्नेसने तसा वाढत नाही, असं २००६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच कोणी करत नाही. लीश ताणली की जागच्या जागी थांबायचं. ओरडायचं नाही, झटका द्यायचा नाही. ती सैल झाली की लगेच चालायचं. तो तुमच्या बाजूने चालत असेल तेव्हा, अगदी पायाशी, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्यायचा. आधी घरात, मग पार्किंगमध्ये आणि मग रस्त्यावर, कारण गल्लीतल्या कुत्र्यांसमोर पहिला धडा देणं म्हणजे पहिल्याच दिवशी थेट प्रॉडक्शनवर कोड टाकणं. रोज दहा मिनिटं पुरतात. बाकीच्या वेळी पुढे कडी असलेला हार्नेस घाला आणि त्याला मनसोक्त हुंगू द्या. ती आपोआप लांबणारी लीश मात्र नको. तिच्यात ताण सतत असतोच, आणि ओढलं की दोरी सुटते. म्हणजे परत तोच धडा.

यात खरी मेख आहे घरातली माणसं. तुम्ही थांबता, पण बायको घाईत असते, बाबांना वाटतं "जाऊ दे, लेकरू आहे", आणि सकाळी फिरवायला येणाऱ्या मुलाला कोणी काही सांगितलेलंच नसतं. कधीतरीच मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं, हे स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ च्या पुस्तकात सविस्तर मांडलंय. लॉटरीची तिकिटं लोक का घेत राहतात? तसंच. तेव्हा नियम घरात सगळ्यांना एकच हवा, आणि त्या मुलालाही नीट समजावून सांगा. त्याला पगार आपणच देतो ना?

एवढं लिहायचं कारण म्हणजे गोष्ट दुखऱ्या खांद्यावर थांबत नाही. ओढणाऱ्या कुत्र्याला आई फिरवू शकत नाही, बाबा पडतील अशी भीती. म्हणून फिरणं कमी होतं. फिरणं कमी झालं की तो आणखी ओढतो. मग बाल्कनी, आणि मग एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर गोंडस फोटोसकट मेसेज: "चांगलं घर हवे आहे, अपरिहार्य कारणास्तव." ते अपरिहार्य कारण बऱ्याचदा रोजची दहा मिनिटं असतात.

तेवढी नसतील तर कुत्रा आणूच नका, हस्की तर नाहीच नाही. आणि आणलाच असेल तर ती चोक चेन आजच कचऱ्यात टाका. असो.