भूमीची भाषा भूमीवरच शिकावी लागते

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानच्या सीमेवर गस्त घालणाऱ्या भारतीय तुकडीच्या कानी पलीकडून रणगाड्यांची घरघर आली. मेजर कुलदीपसिंह चांदपुरी यांना बिनतारी संदेश गेला आणि लोंगेवालाचे ठाणे सावध झाले. सकाळी हवाई दलाची हंटर विमाने येईपर्यंत मूठभर जवानांनी ते राखले. त्या रात्री देशाच्या कामी आले ते माणसाचे कान.

त्याच सुमारास अमेरिका हे काम यंत्रांवर सोपवू पाहत होती. लाओसमधील हो चि मिन्ह मार्गावर तिने विमानांतून हजारो संवेदक टाकले. भाल्यासारखे जमिनीत रुतणारे, झुडपासारखी अँटेना तेवढी वर ठेवणारे हे संवेदक ट्रकांमुळे उठणारी कंपने टिपत. विमानांमार्फत ते संदेश थायलंडमधील नाखोन फानोमच्या संगणकांपर्यंत पोहोचत. यंत्रणा अद्भुत खरी; पण ट्रक उद्ध्वस्त केल्याच्या हवाई दलाच्या दाव्यांना खुद्द अमेरिकी गुप्तचरांनीच मोठी कात्री लावली. १९७५ मध्ये सायगाव पडायचे ते पडलेच.

कंपन टिपणे तसे सोपे. जिओफोनमध्ये एक चुंबक आणि स्प्रिंगने तोललेले तारेचे वेटोळे असते. जमीन हलली की त्यात विद्युत्दाब निर्माण होतो. अवघड आहे ते वाहन ओळखणे. रणगाड्याच्या पट्ट्यातील कड्या ठरावीक लयीत जमिनीवर आदळतात, त्यावरून तो चाकांच्या मालमोटारीपासून वेगळा काढता येतो. मात्र ही लय भुसभुशीत वाळूत लवकर विरते आणि खडकात निराळी उमटते. संवेदकाकडे पोहोचणारी खूण वाहनाची असते, तितकीच मधल्या भूमीचीही असते.

म्हणूनच नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी कॅलिफोर्नियातील ट्वेंटीनाइन पाम्सच्या वाळवंटात आपल्याच सैन्याची पट्ट्यांची आणि चाकांची वाहने प्रत्यक्ष चालवून ध्वनी आणि कंपने नोंदवली. त्या नोंदींवर संगणकाला वाहने ओळखायला शिकवले गेले.

संवेदक परदेशातून विकत आणता येतात. थरच्या वाळूची, कच्छच्या रणाची किंवा लडाखच्या गोठलेल्या मातीची ओळख त्यांच्या खोक्यातून येत नाही. रणात तर पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातले मिठाचे कवच या जणू दोन वेगळ्या भूमी. तेथे प्रत्येक ऋतूत रणगाडे, ट्रक, जीप आणि उंटांचे तांडेसुद्धा चालवून नोंदी घ्याव्या लागतील. हे कष्टाचे, वेळखाऊ आणि संचलनात मिरवता न येणारे काम आहे. संरक्षणाच्या अंदाजपत्रकात त्याला स्वतंत्र तरतूद हवी आणि त्या नोंदींची मालकी भारतीय प्रयोगशाळांकडेच राहायला हवी.