गवंड्याला समजेल असा कायदा

१/४
सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनच्या आगीत १३,००० हून अधिक घरे भस्मसात झाली. घरांच्या दर्शनी भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात, असे राजाज्ञापत्र १६०५ मध्येच निघाले होते. तरीही शहर बहुतांशी लाकडीच राहिले. नियमभंग करणाऱ्यांकडून दंड घेऊन बांधकामे कायम केली जात. तिजोरीत भर पडे, भिंती मात्र तशाच राहत.

२/४
१६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने घरांचे चार प्रकार ठरवले. कोणत्या रस्त्यावर किती मजले आणि कोणत्या मजल्याची भिंत किती विटा जाड, हे त्यात आकड्यांनिशी मांडले होते.

३/४
पायाची आखणी शहराचे सर्वेक्षक जागेवर येऊन करून देत. शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक त्यांपैकीच एक. त्यामुळे चूक भिंत उभी राहण्याआधीच ध्यानात येई. नियम मोडणाऱ्याला तुरुंगात धाडण्याचीही तरतूद होती.

४/४
कायदा कठोरच होता. पण बांधणाऱ्याला कळण्याजोगा होता. कंत्राटदारांच्या बेफिकिरीवर बोट ठेवणे सोपे असते. परंतु नियम कामाच्या भाषेत सांगणे आणि पाया खणण्यापूर्वी जाणकार माणूस जागेवर पाठवणे, हे शासनाचे पहिले कर्तव्य आहे. दंडाची पावती त्यानंतर फाडावी.