आर्किटेक्ट म्हणजे सह्याजीराव नव्हे

मा. संपादक,


‘इमारत बिल्डर उभारतो, आर्किटेक्ट दर्शनी भाग सजवतो आणि कागदावर सही करतो’ हा गेल्या अंकातील लेखाचा सूर वस्तुस्थितीला धरून नाही.

लेखकाने 2016 चा रेरा कायदा चाळलेला दिसत नाही. फ्लॅटधारकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते काढताना इंजिनिअर आणि सीए यांच्याबरोबर आर्किटेक्टचाही दाखला लागतो, कारण पैसे झालेल्या कामाच्या प्रमाणातच निघावेत. दाखला खोटा निघाला तर दोष सही करणाऱ्याचा. त्यामुळे सहीच बिनमहत्त्वाची कशी ठरते?

आता सजावट. कंबाला हिलवरचा ‘कांचनजंगा’ (1983) हा आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांचा निवासी टॉवर. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. म्हणून त्यांनी कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या बागा कोरल्या. ही सजावट असेल, तर छत्रीही सजावटच!

1972 चा आर्किटेक्ट्स अॅक्ट पदनामाला संरक्षण देतो, व्यवसायाला नाही, हे लेखकाचे म्हणणे खरे. सर्वोच्च न्यायालयानेही 2020 मध्ये तसाच निर्वाळा दिला. मात्र ‘म्हणून आर्किटेक्ट अनावश्यक’ हा निष्कर्ष न्यायालयाचा नव्हे, लेखकाचा आहे.

राहता राहिली लेखातली ‘दूरदृष्टी बिल्डरची’. नवी मुंबईची कल्पना 1965 मध्ये मांडली ती कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी. दोघे आर्किटेक्ट, एक इंजिनिअर. बिल्डर त्यांत एकही नव्हता.

कळावे,
एक वाचक, ठाणे