रस्ता मोजता, मग घराखालची जागा कोण मोजणार?



१९०१ साली बाल भीमराव साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. रेल्वेने तिथवर आणले. पण जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतःच हाकली. रूळ आले म्हणून समता येत नाही, हा त्या प्रवासाचा धडा.

लोकसभेला आजही मते मागितली जातात ती महामार्गावर आणि पुणे-मिरज दुहेरीकरणावर. ते हवेच. पण २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेने २०२२ पर्यंत सर्वांना घर देऊ म्हटले होते, त्याचे काय? स्वतः घर बांधायला अनुदान हवे तर आधी जागेचा कागद लागतो. ज्याची झोपडी सरकारी जमिनीवर, तो यादीबाहेर. आपली माणसे बहुतेक तिथेच अडतात.

हे विचारायचे कोणाला? सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची मुदत २०२३ ला संपली, निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात २०२४ ची लोकसभा पार पडली. दिल्लीला खासदार गेला, पण वॉर्डात नगरसेवक नव्हता. साताऱ्याच्या नगरपालिकेतही प्रशासकच होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने दिलेली सत्ता अशी कागदावरच राहिली.

तरुणांनो, झेंडे उचलण्याआधी वस्तीची यादी करा : घरे किती, जमीन कोणाची, कागद कोणाकडे. जमीन रेल्वेची असेल तर खासदाराला धरा, राज्याची असेल तर आमदाराला. तारखेसह लेखी उत्तर घ्या. मत त्यानंतर.