दातांचं बिल मेडिक्लेम का देत नाही? ‘डेंटल कव्हर’मध्ये नेमकं काय मिळतं?

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला. नवी पॉलिसी घेताना किंवा जुनीत भर घालताना माहितीपत्रकात ‘डेंटल कव्हर’ हे दोन शब्द दिसले की बरं वाटतं, कारण दोन-तीन दाढांचं रूट कॅनल आणि कॅप म्हटलं की बिल सहज पाच आकडी होतं. पण या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्यातली एक तर विमाच नाही.

साधा मेडिक्लेम कुठे अडतो?

आरोग्य विम्याची मूळ अट आहे रुग्णालयात भरती होण्याची. साधारणपणे किमान 24 तास, किंवा मग डे-केअर यादीतली शस्त्रक्रिया. दातांचे बहुतेक उपचार मात्र दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून होतात. विम्याच्या भाषेत ‘रुग्णालय’ म्हणजे रुग्णांना भरती करून घेणारी, नोंदणी असलेली संस्था. नोंदणी नसेल, तर 10 लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान 10 आणि त्याहून मोठ्या शहरात 15 खाटा हव्यात. कोपऱ्यावरचं डेंटल क्लिनिक यात बसणं अवघडच.

त्यामुळे नेहमीच्या पॉलिसीतलं डेंटल कव्हर बहुधा अपघातापुरतं असतं. दुचाकीवरून पडून जबडा मोडला, भरती व्हावं लागलं, तर खर्च मिळतो. कीड लागली तर नाही. 2020 मध्ये आरोग्य विमा कंपन्यांना आणावी लागलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी घ्या. तिच्यात आजार किंवा दुखापतीमुळे करावे लागणारे दंतोपचार लिहिलेले आहेत, पण तेही भरतीच्या खर्चाच्या कलमाखाली. एजंट हे वाक्य दाखवतो, तेव्हा त्याच्या वरचं शीर्षकही वाचावं. 5 लाखांपर्यंत उपचार देणाऱ्या आयुष्मान भारत योजनेतही दातांसाठी हीच भरतीची अट आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तोंडाचा कर्करोग दंतोपचारात मोडत नाही. त्याची शस्त्रक्रिया इतर कर्करोगांप्रमाणेच, पॉलिसीच्या नेहमीच्या अटींनुसार मेडिक्लेममध्ये येते.

ओपीडी रायडर घ्यावा का?

दुसरा प्रकार म्हणजे ओपीडी कव्हर. जादा हप्ता भरून ते मूळ पॉलिसीला जोडता येतं. काही नोकरदारांना ते कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून मिळतं. भरती न होता केलेल्या दातांच्या उपचारांचे पैसे खऱ्या अर्थाने इथेच मिळू शकतात. अडचण आहे ती मर्यादेची. समजा, रायडरचा जादा हप्ता 4,000 रुपये आणि दातांसाठीची वार्षिक मर्यादा 5,000 रुपये. मग वर्षभरात जास्तीत जास्त फायदा फक्त 1,000 रुपयांचा, तोही पूर्ण मर्यादा वापरली तर. दात साफ करणं, ब्रेसेस, इम्प्लांट, कवळी यांपैकी काय वगळलंय आणि प्रतीक्षा काळ किती, हे त्यानंतर बघायचं. हप्ता कंपनी भरत असेल तर मात्र हे कव्हर वापरल्याशिवाय वर्ष संपू देऊ नये.

आणि तो तिसरा प्रकार?

वार्षिक शुल्क भरा, ठरावीक दवाखान्यांत 20-30 टक्के सवलत मिळवा, अशी ही ‘डेंटल मेंबरशिप’. नावात ‘प्लॅन’ असतं, कार्डही विम्यासारखंच. पण इथे बिल तुम्हीच भरता. ती विमा नसल्याने जीएसटीची माफी तिला लागू नाही. वाद झाला तर मुंबई-पुण्याच्या विमा लोकपालांकडेही जाता येत नाही. दाद ग्राहक आयोगाकडेच मागावी लागते.

विमा कंपन्या दातांपासून लांब का राहतात?

विमा चालतो तो क्वचित होणाऱ्या नुकसानीवर. घराला आग शंभरात एखाद्याच्याही लागत नाही, पण दातांचा खर्च आयुष्यात जवळपास प्रत्येकाला येतो. शिवाय तो पुढे ढकलता येतो. दाढ दुखायला लागल्यावर पॉलिसी घ्यायची, उपचार करायचे आणि पुढच्या वर्षी बंद करायची, हे सहज शक्य असतं.

अमेरिकेत दातांचा विमा वेगळाच विकला जातो, पण हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. तिथल्या अनेक योजनांत तपासणीचा 100 टक्के, फिलिंगचा 80 टक्के आणि कॅपसारख्या मोठ्या कामाचा 50 टक्के खर्च मिळतो. वर्षाला 1,000 ते 2,000 डॉलर ही कमाल मर्यादा सर्रास दिसते. 1,500 डॉलरच्या दोन कॅप बसवल्या, तर निम्मे म्हणजे 1,500 डॉलर खिशातून जातात आणि वर्षाची मर्यादाही बहुधा तिथेच संपते. मुलांकडे तिकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या प्रवास विम्यात तर सहसा अचानक उठलेली कळ किंवा दुखापत, एवढंच येतं. अर्धवट राहिलेलं रूट कॅनल निघण्याआधी इथेच पूर्ण केलेलं बरं.

विमा नसलेल्यांसाठी महाराष्ट्रात एक पर्याय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय इथे खासगी दवाखान्यापेक्षा खूप कमी शुल्कात उपचार होतात. रांग मोठी असते आणि एका दाढेसाठी अनेक फेऱ्या माराव्या लागतात, एवढी तयारी मात्र हवी.