मोहिमांच्या पोटांतील हिशेब

मांदर गांव वणीपासून फार दूर नाहीं. या मांदराजवळच १७३० च्या सुमारास रघूजी भोसले यांनीं आपले चुलते कान्होजी यांस गांठून कैद केलें व साताऱ्यास रवाना केलें. कान्होजी शाहू महाराजांचा ऐवज भरीत नाहींत, हें कारण सांगण्यांत आलें. तें खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कान्होजींचें सेनासाहेबसुभा हें पद पुढें रघूजींच्याच पदरांत पडलें, हें पाहिल्यावर पुतण्याच्या स्वामिनिष्ठेंत भांडवल कोणाचें व नफा कोणाचा, हें आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगणें नको!

रोमन सेनापति ज्यूलियस सीझर याची गोष्ट याहून निराळी नाहीं. इ. स. पूर्वीं ५८ सालीं त्यानें गॉल देशावर, म्हणजे हल्लींच्या फ्रान्सवर, स्वारी सुरू केली. रोमच्या मित्रांस अभय देण्यासाठीं आपण शस्त्र उचललें असें त्यानें स्वतःच ग्रंथ लिहून जगास सांगितलें. आरोपीनेंच निकालपत्र लिहावें, त्यांतला हा प्रकार. प्लुटार्क मात्र सांगतो कीं, त्यापूर्वीं स्पेनच्या सुभेदारीवर निघतांना सावकारांनीं त्याची वाट अडविली होती व धनाढ्य क्रॅससनें ८३० टॅलेंटांची हमी घेतली तेव्हांच त्याचा पाय निघाला. अधिकारावर असेपर्यंत फिर्यादीचें भय नव्हतें, हाही लाभ होताच. पुढें गॉलच्या लुटीचें सोनें इतकें आलें कीं, इटलींत सोन्याचा भाव उतरला.

आतां बंगालकडे वळूं. १७४२ सालीं रघूजींचे कारभारी भास्करराम कोल्हटकर फौजेनिशीं तिकडे उतरले. मागणी चौथाईची. बरद्वानच्या आसपासचीं खेडीं जळालीं, मुर्शिदाबादेस जगतशेठाची कोठी लुटली गेली. हें सर्व धर्मरक्षणार्थ झालें असें आमच्याकडे कित्येक जण आवेशानें सांगतात. पण जळालेल्या घरांतून हिंदु रयतच मोठ्या संख्येनें राहत होती. आणि १७४३ सालीं काय घडलें? खुद्द पेशवे बाळाजी बाजीराव अलीवर्दीखानाच्या बाजूनें बंगालमध्यें शिरले आणि खर्चाबद्दल २२ लाख रुपये ठरवून घेऊन त्यांनीं रघूजींच्या फौजेस हुसकून लावलें. धर्मकार्य एकच असतें तर दोन मराठी फौजा एकमेकींच्या पाठीस कां लागत्या? पुढें शाहू महाराजांनीं दोघांस प्रांत वांटून दिले तेव्हां हा कलह मिटला. भास्कररामांचा १७४४ सालीं भेटीस बोलावून दगलबाजीनें खून झाला. ती अलीवर्दीची नीचताच होय. शेवटीं १७५१ च्या तहानें १२ लाखांची वार्षिक चौथाई ठरली व ओरिसा भोसल्यांकडे आला.

पूर्वजांच्या कीर्तीस आम्ही काळिमा लावीत आहों, असें कोणी म्हणेल. नागपुराहून भागीरथीपर्यंत घोडीं नेणाऱ्यांचें धाडस आम्हांसही मान्य आहे. परंतु सीझरच्या वह्या उघडून पाहावयाच्या व रघूजींच्या मिटून ठेवावयाच्या, हा कोठला न्याय? बंगालमधील आया आजही बर्गी आले म्हणून मुलांस निजवितात, आणि ते बर्गी म्हणजे आपलेच स्वार होत. वणीच्या शाळांतून १७५१ चा तह शिकवावा, अवश्य शिकवावा. मात्र त्याच तासाला मुलांस बरद्वानचीं जळालेलीं खेडींही सांगावींत, आणि मांदराची वाटही एकदां दाखवावी.